स्पार्क की पेट्रोल? जुनी गाडी अडते तेव्हा
स्टार्टर जोमात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही? उगाच पार्ट बदलत बसू नका. थोडा वेळ स्टार्टर मारून स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय. गडबड बहुधा ठिणगीत आहे. ठणठणीत कोरडा असेल तर पंप, फिल्टर, कार्ब्युरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग) पाहा.

चालत्या गाडीत स्पार्कचा मिसफायर (ठिणगी चुकणं) अचानक झटका देतो, दमट हवेत हमखास वाढतो. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. जुन्या प्लग वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या, तर करंट तिथेच गळतोय. हात मात्र लांब ठेवा! पेट्रोल कमी पडलं तर गाडी चढावर हळूहळू दम सोडते.

मी सुरुवात स्पार्कपासूनच करतो, ती तपासणी लवकर उरकते.