१७ सप्टेंबरला जॉइनिंग, अन् माझे ३८,१९९ रुपये

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसायचं त्यांनी हसून घ्यावं. नोकरीच्या खोट्या फोनला भुलून गेलेले अडतीस हजार एकशे नव्याण्णव. नोंदणी १,८५०, मेडिकल ३,२००, युनिफॉर्म-सेफ्टी शूज-आयकार्ड ४,६५०, सिक्युरिटी डिपॉझिट १८,५०० आणि 'सॅलरी अकाउंट चालू करायला' ९,९९९. सगळे फोनवरून, माझ्याच बोटांनी पिन दाबून.

मी अडाणी नाही. संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीला होतो. दोन शतांश मिलिमीटरने माल हुकला तरी लाल टॅग लावून बाजूला ठेवणारा माणूस. पोळ्याच्या दोन दिवस आधी नव्या मॅनेजरने सगळ्या लाइनसमोर शिवी दिली आणि मी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. चूक ही झाली की घरी सांगितलं नाही. महालक्ष्म्या तोंडावर होत्या, माणसं येणार होती. म्हटलं, सण उरकेपर्यंत दुसरं काम धरू आणि मगच सांगू. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि सिद्धार्थ उद्यानात बसून मोबाइलवर अर्ज टाकायचो. दिसेल तिथे बायोडाटा, त्यावर नंबर, पत्ता, जुना पगार. चोराला आपणच घराचा नकाशा काढून देतो तो असा.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला शेंद्रा एमआयडीसी आहे, तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या नावाने. मॅडम हिंदीत बोलत होत्या, गोड. "सर, आपके प्रोफाइल में गॅप दिख रहा है, जल्दी जॉइन करेंगे तो अच्छा रहेगा." जेमतेम चौदा दिवसांचा गॅप, पण तो शब्द बरोबर वर्मी लागला. इंटरव्ह्यू फोनवरच, सात मिनिटांचा. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे तो कमीत कमी किती मोजतो ते विचारलं. आयटीआयचं पोरगंही सांगेल. मला मात्र वाटलं, बघा, जाणकार माणसं आहेत.

पैसे मागितले तेव्हा शंका कशी नाही आली, हे मला आतापर्यंत पंधरा जणांनी विचारलंय. त्यांना माझं सांगणं एवढंच की आपल्या एमआयडीसीत बुटाचे पैसे कापणारे आणि गेटपाससाठी चहापाण्याला मागणारे ठेकेदार काय कमी आहेत? आपल्याला ती सवयच लावून ठेवली आहे. मेडिकल कंपनीच्या खर्चाने होते, हे मला माहीत होतं. तरी भरले. क्यूआर स्कॅन केला की वर नाव येतं, तिथे कंपनीचं नव्हे, कुण्या भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे अकाउंट्सवाल्यांचं खातं आहे, कंपनीत ऑडिट चालू आहे. हेही गिळलं. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, ऑडिट गेलं खड्ड्यात.

पण हे सगळं एका बाजूला. खरा लाल टॅग पुढे होता, आणि तो मी हातात घेऊन खाली ठेवला.

१० तारखेला ऑफर लेटर आलं. रंगीत, शिक्क्यासकट. जॉइनिंगची तारीख १७ सप्टेंबर. मी फोन करून म्हटलं, मॅडम, त्या दिवशी तर मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन असतं, आमच्या जुन्या कंपनीला सुट्टी असायची. पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता. मग मॅडम म्हणाल्या, "वो क्या होता है, सर?"

वो क्या होता है! शेंद्र्यात बसून संभाजीनगरची माणसं भरती करणारी बाई, आणि तिला १७ सप्टेंबर माहीत नाही? १९४८ साली निजामाची राजवट संपली तो दिवस. इथे बालवाडीतलं पोरगंही झेंड्याला जातं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की हा फोन शेंद्र्याचा तर नाहीच, मराठवाड्याचाही नाही. मी काय केलं? मीच तिला समजावून सांगितलं! ती म्हणाली, "ओके सर, १९ कर देते हैं", आणि पाच मिनिटांत तारीख बदललेलं नवं पत्र आलं. कुठल्या कंपनीत पाच मिनिटांत पत्र बदलतं हो? त्याच संध्याकाळी १८,५०० पाठवले. १२ तारखेला ९,९९९.

१९ ला इस्त्रीचा शर्ट घालून वाळूजहून शेंद्र्याला गेलो. गेटवरच्या वॉचमनने पत्र पुरतं वाचलंही नाही. म्हणाला, "भाऊ, या महिन्यात तुम्ही पाचवे." एक गाडी काढून हेच गेट आधी बघितलं असतं तर पेट्रोलच्या पैशांत भागलं असतं. तुम्ही तेवढं करा. पैसे भरायच्या आधी गेटवर जा, नंतर नव्हे.

आता पुढची वरात ऐका. ठाण्यात गेलो, तर सायबरला जा. सायबरला गेलो, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. १९३० लागला, तक्रार नंबर मिळाला, पण आठवडा उलटल्यावर खात्यात काय राहणार? बँकेत गेलो, तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, न विचारता पैसे गेले तर भरपाईचा जो नियम आहे तो तुम्हाला लागत नाही. मग परत ठाणं. साहेब जेवायला गेलेले. साहेब आले, तर बंदोबस्त. तिसऱ्या खेपेला एकाने विचारलं, "शिकलेले ना तुम्ही?" शिकलेलो आहे म्हणूनच झिरो एफआयआर मागितला. नवीन कायद्यात हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हेही सांगितलं. "कायदा आम्हाला शिकवता का?" शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला चार दिवस लावले. आणि गंमत म्हणजे ४,३१२ रुपये एका खात्यात गोठवलेले सापडले, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणायचा म्हणे. वकिलाने फी सांगितली पाच हजार! करा हिशोब.

फसलात तर लाजत बसू नका, त्याच तासाला १९३० लावा. मी आठ दिवस आयकार्डची वाट बघितली. आधार, पॅन, कॅन्सल चेक पाठवून बसला असाल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर कुणी कर्ज काढलंय का ते बघत राहा. मी दर महिन्याला बघतो, आणि दर वेळी छाती धडधडते.

घरी सांगितलं त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, "अहो, नोकरी देणारा पगार देतो का आपल्याकडून घेतो?" उत्तर नव्हतं. काम शेवटी चिकलठाण्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिळालं, जुन्या सोबत्याच्या एका शब्दावर. पगार तीन हजारांनी कमी. मालकाने हातात गेज दिला, चार नग तपासायला लावले आणि म्हणाला, उद्यापासून या. बुटाचे पैसेही मागितले नाहीत.

त्या १८,५०० पैकी १५,००० मी मेव्हण्याकडून उसने घेतले होते, 'मशीनच्या ट्रेनिंगला' म्हणून. त्याला खरं कारण अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेलच. दाजी दिवाळीनंतर देतील, एवढं धरून चाल.