होमस्टेसाठी बिटवर्डन: मोफत खातं पुरतं, पण दोन पासवर्ड अ‍ॅपबाहेरच हवेत

दिवेआगरपासून तारकर्लीपर्यंत घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्या कुटुंबाकडे आज पंधरा-वीस ऑनलाइन खाती सहज असतात. जीमेल, बुकिंगच्या दोन-तीन साइट, इन्स्टाग्राम, गूगल मॅपवरचं पान, महावितरण, बँक, जीएसटी, आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची तिकिटं काढायला आयआरसीटीसी. एवढे पासवर्ड कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. मग एकच पासवर्ड सगळीकडे चालतो आणि तो गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो. हे सगळं सांभाळायला बिटवर्डन या पासवर्ड जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपचं मोफत खातं कितपत उपयोगी पडतं, ते इथे अँड्रॉइड फोनच्या अंगाने पाहिलं आहे.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू. माणूस पासवर्ड ठरवतो तेव्हा जवळचंच काहीतरी उचलतो: देवाचं नाव, मुलीचं नाव, घराचं नाव, जन्मसाल, गाडीच्या पाटीवरचं एमएच ०७ किंवा ०८, गावाचा पिनकोड. साइट म्हणते एक कॅपिटल, एक आकडा आणि एक चिन्ह हवं. मग पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि शेवटी @१२३ किंवा चालू साल चिकटतं. ‘गणपती@१२३’ रोमन अक्षरांत लिहिलं की प्रत्येक नियम पाळला जातो, आणि तरी तो पहिल्या फेरीतच सापडतो. कारण पासवर्ड फोडणारा माणूस स्वतः विचार करत बसत नाही. त्याच्या प्रोग्रामकडे फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या असतात. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले, त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला होता १२३४५६. अशा याद्यांतल्या प्रत्येक शब्दाला कॅपिटल लावणं, ‘ए’च्या जागी @ घालणं, शेवटी साल जोडणं हे प्रोग्राम आपोआप करतो. म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात कॅपिटल-चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं, दोन्ही सोडून द्यायला सांगितलं. लांबी वाढवा आणि फुटलेल्या यादीत आहे का ते तपासा, असा त्यांचा सल्ला आहे.

होमस्टेच्या वायफायचं उदाहरण इथे अगदी चपखल बसतं. पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर, आणि तोच नंबर बाहेरच्या बोर्डावर. बोर्ड नसला तरी फरक पडत नाही. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर एकूण ४०० कोटीच होतात. डब्ल्यूपीए२ या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीच्या वायफायला एखादा फोन जोडला जाताना हवेतून जी देवाणघेवाण होते ती कुणी टिपून नेली, तर पुढचं फोडणं घरी बसून करता येतं. एक भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख अंदाज तपासतं. म्हणजे सगळे नंबर संपायला साधारण अर्धा तास. ज्या राउटरवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर पाहुण्यांना घेऊच नका. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, असतं, ते चालू करा आणि त्याला वेगळा, यंत्राने काढलेला पासवर्ड द्या.

आता बिटवर्डन. मोफत खात्यात पासवर्ड किती आणि फोन-कॉम्प्युटर किती यांवर मर्यादा नाही, हा याचा सर्वांत मोठा गुण. प्रत्येक साइटसाठी लांब, अर्थहीन पासवर्ड तेच तयार करतं आणि साइट उघडली की भरून देतं. भरण्याआधी साइटचा पत्ता जुळतो का ते बघतं. वीज तोडण्याचा मेसेज पाठवून खोट्या पानावर नेलं, तर तिथे पासवर्ड सुचवलाच जात नाही. पान हुबेहूब असलं की माणूस फसतो, पत्ता जुळवणारं अ‍ॅप फसत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीही हे अ‍ॅप घ्यावं. सूचना आली नाही तर हाताने पासवर्ड घालायची घाई करू नका, आधी पत्ता वाचा. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये मात्र खऱ्या ठिकाणीही सूचना येत नाही. तिथे कॉपी करून घालावं लागतं, म्हणून सेटिंगमध्ये क्लिपबोर्ड (कॉपी केलेलं जिथे राहतं ती जागा) आपोआप पुसण्याची वेळ लावून ठेवा.

खरी कसोटी आहे मास्टर पासवर्डची, म्हणजे बिटवर्डन उघडण्याच्या एकमेव पासवर्डची. तो किमान १२ अक्षरांचा लागतो, आणि विसरला तर कंपनीलाही परत देता येत नाही. तिजोरी, म्हणजे साठवलेले सगळे पासवर्ड, त्याच पासवर्डाने कुलूपबंद होते आणि तो कंपनीकडे नसतो. २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या सेवेच्या ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्या चोरीला गेल्या, तेव्हा धोका सर्वांत जास्त होता तो कच्चा मास्टर पासवर्ड ठेवणाऱ्यांना. बिटवर्डन मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक अंदाजाला आकडेमोडीच्या ६ लाख फेऱ्या करायला लावतं, त्यामुळे फोडणं मंदावतं; वायफायला त्या ४,०९६ असतात. पण ‘मालवण@२०२५’ असला पासवर्ड त्यानेही टिकत नाही.

शब्दांची माळ, म्हणजे असंबद्ध शब्द एकापुढे एक जोडून केलेला पासवर्ड, हा उत्तम उपाय. बिटवर्डन ती स्वतः काढून देतं, पण फक्त इंग्रजी शब्दांची, आणि त्यांतले बरेच आपल्याकडे लक्षात राहण्यासारखे नसतात. ही मोठी उणीव आहे. मराठी शब्द घ्यायचे तर २१६ साध्या नामांची क्रमवार यादी करा आणि तीन फाशांनी (त्यांचे क्रमवार २१६ निकाल होतात) एकेक शब्द काढा, असे सहा. मनाने निवडू नका, नाहीतर मासे, आंबा आणि देवच येतील. सहा शब्दांच्या शंभर लाख कोटींहून अधिक माळा होतात. यादी करताना रोमन स्पेलिंगची खात्री करा. वाडीला व्ही की डब्ल्यू, फणसला पीएच की एफ, असा संशय येणारे शब्द काढून टाका. होडी, मोदक, पणती असे ठेवा. देवनागरीत मास्टर पासवर्ड ठेवू नका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तसा कीबोर्ड नसेल तर तिथेच अडाल.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते पुढच्या गाठीत. नव्या फोनवरून लॉगिन करताना, दुहेरी पडताळणी (पासवर्डाशिवाय आणखी एक कोड मागणं) लावलेली नसेल, तर बिटवर्डन ईमेलवर कोड पाठवतं. ईमेलचा पासवर्ड फक्त बिटवर्डनमध्ये असेल आणि फोन खाडीत पडला असेल, तर दोन्ही दारं बंद. म्हणून ईमेलचा पासवर्डही माळेचा ठेवा आणि पाठ करा. दुहेरी पडताळणी बिटवर्डनच्या वेबसाइटवरच्या सेटिंगमधून चालू करा आणि तिथेच मिळणारा रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तरी आत शिरू देणारा कोड, बॉलपेनने कागदावर उतरवा. शाईपेनचं अक्षर पावसाळी दमटपणाने पसरतं. कागद झिपच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. लॅमिनेशनला दुकानात देऊ नका, कोड दुसऱ्याच्या नजरेखालून जातो.

जुने पासवर्ड क्रोममधून फाइल करून आणता येतात. बिटवर्डनच्या वेबसाइटवर ‘टूल्स’मध्ये ती आयात करा आणि लगेच ती सीएसव्ही फाइल पुसा, रिसायकल बिनमधूनही. तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत वीज आणि फोन अनेक दिवस बंद होते. अशा वेळी तिजोरी उघडावी असं वाटत असेल तर टाइमआउटची कृती (काही वेळ न वापरल्यावर अ‍ॅपने काय करायचं ते) ‘लॉक’ ठेवा, ‘लॉगआउट’ नको. लॉक असलेली तिजोरी बोटाच्या ठशाने नेटवर्कशिवाय उघडते, लॉगआउट झालेली उघडत नाही.

मोफत खात्यात दोघांना काही पासवर्ड सामाईक ठेवता येतात, नवरा-बायको मिळून चालवतात अशा घराला ते पुरतं. मालकाला काही झालं तर विश्वासातल्या माणसाला ठरावीक दिवसांनी तिजोरी उघडून देण्याची सोय मात्र पैसे भरून मिळते. घरात एकटाच सगळं बघत असेल तर ते पैसे भरावेत. यूपीआयचा पिन अ‍ॅपमध्ये ठेवू नका, तो डोक्यातच राहू द्या, आणि जन्मसालही नको. घरातल्या माणसाचं म्हणून शंभरच्या आत सालं संभवतात.

आपली तिजोरी कुणाच्या सर्व्हरवर नको असेल तर कीपासडीएक्स हे अँड्रॉइड अ‍ॅप घ्या. सगळं एका फाइलमध्ये राहतं, पण तिची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्यायचं काम तुमचंच. ज्या आजी-आजोबांची तीन-चारच खाती आहेत, त्यांना यातलं काहीच शिकवायला नको. वेगवेगळे, यंत्राने काढलेले पासवर्ड वहीत लिहून वही कुलपात ठेवली तर परदेशात बसलेल्या चोराला ती वाचता येत नाही.