जुन्या फोनला नवी बॅटरी, की सरळ नवा फोन?

दिवाळी सेलच्या जाहिराती झळकल्या, की खिशातला धडधाकट फोनही एकाएकी संथ वाटू लागतो. तुमचा फोन तीनेक वर्षांचा असेल आणि मुख्य तक्रार ‘चार्जिंग टिकत नाही’ एवढीच असेल, तर दोष बहुधा फोनचा नाही, बॅटरीचा आहे. लिथियम-आयन बॅटरी झिजतेच. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांबद्दल ॲपल स्वतःच सांगते, की ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येऊ शकते. रोज पूर्ण बॅटरी संपवून चार्ज करणाऱ्याचे एवढे चार्ज साधारण दीड वर्षात होतात. संथपणाचं मूळही कधीकधी तिथेच असतं: बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे ॲपलने २०१७ मध्ये मान्य केलं होतं.

नव्या फोनमध्ये मिळतं काय? २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब यांना नव्या प्रोसेसरचं फारसं कौतुक नसतं. रात्रीचे फोटो मात्र खरंच सुधारलेत. पाच-सहा वर्षांच्या फोनवरून येणाऱ्याला तो फरक दिसेल, गेल्या वर्षीच्या फोनवरून येणाऱ्याला शोधावा लागेल.

पैशांचं म्हणाल, तर ‘नो कॉस्ट ईएमआय’ नावाइतका फुकट नसतो. क्रेडिट कार्डावर व्याजाएवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी आपल्याच माथी. एक्स्चेंजची जाहिरातीतली रक्कमही ‘पर्यंत’ असते, हे विसरू नका.

माझ्या मते निकाल लावते ती एकच गोष्ट: सिक्युरिटी अपडेट, म्हणजे फोनच्या सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे कंपनीचे अपडेट. ते बंद झाले असतील आणि त्याच फोनवर तुमची बँक असेल, तर बॅटरीवर पैसे घालू नका, नवा घ्या. घेताना कॅमेऱ्याआधी अपडेटची मुदत विचारा. गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ यांना कंपन्यांनी सात वर्षांचं आश्वासन दिलंय. अनेक स्वस्त फोनांना त्याच्या निम्मंही नसतं. अपडेट अजून येत असतील, तर बॅटरीच बदला, तीही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. फोन देण्याआधी बॅकअप घ्या आणि सिम काढून ठेवा.