पेन्शनसाठी फंड: तयार मिश्रण, दोनच फंड की पाच-सहा निवडक?

पेन्शन खात्यात फंड निवडायची वेळ आली की बहुतेकांची नजर आधी गेल्या तीन वर्षांच्या परताव्यावर जाते. वरचे पाच फंड उचलायचे, पैसे सारखे वाटायचे, झालं डायव्हर्सिफिकेशन, म्हणजे जोखमीची वाटणी! हा मार्ग सगळ्यात लोकप्रिय आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

या पाचही फंडांच्या फॅक्टशीट (माहितीपत्रकं) शेजारी शेजारी उघडा. एकाचं नाव ग्लोबल ग्रोथ, दुसऱ्याचं टेक्नॉलॉजी, तिसऱ्याचं अमेरिकन लार्ज कॅप (म्हणजे मोठ्या कंपन्या), चौथ्याचं वर्ल्ड इंडेक्स. आता पहिल्या दहा शेअर्सचा तक्ता बघा. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया हीच नावं पुन्हा पुन्हा भेटतील. नावं वेगळी, पण सगळे एकाच माळेचे मणी. पडले की एकदमच पडणार. गेल्या तीन वर्षांत जे क्षेत्र तेजीत होतं त्यात भरलेले फंडच यादीत वर येतात, त्यामुळे परताव्याच्या क्रमाने निवड केली की ही पुनरावृत्ती ठरलेलीच.

दुसरी अडचण खर्चाची. मॅनेजर स्वतः शेअर निवडतो ते ॲक्टिव्ह फंड महाग असतात. समजा एक लाख गुंतवले, बाजाराने वर्षाला 6 टक्के दिले आणि 30 वर्षं हात लावला नाही. वार्षिक खर्च 0.2 टक्के असेल तर हाती साधारण 5.43 लाख येतात, 1.5 टक्के असेल तर 3.75 लाख. म्हणजे जवळपास 31 टक्के रक्कम कमी, आणि तीही बाजार अगदी तोच असताना. महागडा मॅनेजर ही तूट भरून काढत असता तर गोष्ट वेगळी. पण ॲक्टिव्ह फंडांची निर्देशांकाशी, म्हणजे बाजाराच्या सरासरी मापाशी, तुलना करणारे स्पिव्हा अहवाल नियमितपणे दाखवतात की 15 वर्षांचा काळ घेतला तर अमेरिकेतल्या लार्ज कॅप ॲक्टिव्ह फंडांपैकी बहुसंख्य आपल्या निर्देशांकाच्या मागे राहतात. मधल्या काळात बंद पडलेले फंड तर आपल्या समोरच्या यादीत दिसतही नाहीत.

आता दोन फंडांचा मार्ग: एक जागतिक शेअर इंडेक्स फंड (निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा), एक बाँड फंड (सरकार किंवा कंपन्यांना व्याजाने कर्ज देणारा). सामान्य गुंतवणूकदारासाठी पहिला इंडेक्स फंड व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीच्या जॉन बोगल यांनी 1976 मध्ये आणला, तेव्हा त्याची टिंगल झाली होती. आज एका स्वस्त फंडात हजाराहून जास्त कंपन्या येतात. निवडताना एक बारकावा पाहा: एमएससीआय वर्ल्ड या निर्देशांकात फक्त विकसित देश असतात, भारत, चीन, ब्राझील त्यात नाहीत. ते हवे असतील तर एमएससीआय एसीडब्ल्यूआय किंवा फुट्सी ऑल-वर्ल्ड. दोन्हीकडे अमेरिकेचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, हेही माहीत असू द्या.

मग सगळा पैसा आपल्याच देशात का ठेवू नये? जपानकडे बघा. निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 वर बंद झाला आणि ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडला. नोकरीची पूर्ण कारकीर्द तेवढ्यात संपते. याहून वाईट म्हणजे आपल्याच कंपनीचे शेअर पेन्शनमध्ये भरणं. एन्रॉन 2001 मध्ये बुडाली तेव्हा पगारही गेला आणि अनेकांची म्हातारपणाची पुंजीही.

बाँडचं काम आहे पडझडीत उशी देण्याचं. 2008 मध्ये एमएससीआय वर्ल्ड डॉलरमध्ये सुमारे 40 टक्के घसरला, तेव्हा चांगल्या सरकारी बाँडांनी ते काम चोख केलं. 2022 मध्ये मात्र व्याजदर झपाट्याने वाढले आणि अमेरिकेत शेअर सुमारे 18 टक्के, तर बाँड सुमारे 13 टक्के पडले, दोन्ही एकाच वर्षी. म्हणून बाँड फंडाचं ड्युरेशन, म्हणजे व्याजदर बदलला की किंमत किती हलते याचं माप, तपासा. ते 7 असेल तर व्याजदर 1 टक्क्याने वाढल्यावर किंमत साधारण 7 टक्के उतरते. निवृत्ती पाच वर्षांवर आली असेल आणि एकरकमी पैसे काढायचे असतील तर लांब मुदतीचा बाँड फंड 'सुरक्षित' म्हणून घेऊ नका. बाँड शक्यतो ज्या चलनात खर्च करायचा त्याच चलनातले असावेत.

या मार्गाला शिस्त लागते. वर्षातून एकदा शेअर आणि बाँडचं ठरवलेलं प्रमाण पूर्ववत करायचं, म्हणजे नेमकं जे वाढलंय ते विकून पडलेलं घ्यायचं. ज्याला हे जिवावर येतं त्याच्यासाठी तिसरा पर्याय.

टार्गेट डेट किंवा लाइफसायकल फंडात निवृत्तीचं वर्ष सांगायचं. वय वाढेल तसा शेअरचा वाटा तो फंड आपोआप कमी करतो. सोय उत्तम, पण नावावर जाऊ नका. 2010 मध्ये निवृत्त होणाऱ्यांसाठी अमेरिकेत विकले गेलेले असे फंड 2008 मध्ये सरासरी 20 टक्क्यांहून जास्त पडले आणि काही त्याहून कितीतरी अधिक, कारण कुणी शेअर किती ठेवायचे याचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा होता. निवृत्तीच्या दिवशी शेअरचा वाटा किती असेल आणि त्यानंतरही फंड बदलत राहणार की थांबणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने काढणार असाल तर शेअर अगदी संपवून टाकणारा फंडही कामाचा नाही. पुढची 25 वर्षं महागाई आहेच.

माझं मत विचाराल तर, वर्षातून एक दुपार द्यायची तयारी असेल त्याने दोन फंड घ्यावेत, नसेल त्याने स्वस्त टार्गेट डेट. पण दोन्ही एकत्र नकोत. टार्गेट डेटच्या जोडीला आणखी चार फंड घेतले की त्याचं सगळं प्रमाण बिघडतं. ॲक्टिव्ह फंडाचा फारच मोह असेल तर त्यात फक्त दहावा हिस्सा ठेवा.

आधीच सात-आठ फंड जमले असतील तर लगेच सगळे मोडू नका. जुन्या पेन्शन करारांत कधी कधी हमीचा दर किंवा आज न मिळणारी सवलत असते, आणि बाहेर पडायचं शुल्कही. ते कागद आधी वाचा. हमी नसलेल्यांपैकी ज्यांचे पहिले दहा शेअर तेच ते आहेत, त्यांतला सगळ्यात महाग फंड पहिला काढा. नवे हप्ते मात्र आजपासूनच नव्या मिश्रणात वळवता येतात.