चित्र पीडीएफचं होतं, फाइल नव्हती

मी घरून अनुवादाची कामं करते. अनोळखी लोकांच्या फाइली येणं हे माझं रोजचंच, त्यामुळे त्या मेलमध्ये काही वावगं वाटलं नाही. सोबत झिप फाइल, आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. 'मजकूर गोपनीय आहे' म्हणे! कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटातून कोण पाठवतं, हे तेव्हा सुचलं नाही. पासवर्ड लावला की अँटीव्हायरसला झिपच्या आत डोकावता येत नाही. तो माझ्यासाठी नव्हताच, अँटीव्हायरससाठी होता.

आत एकच फाइल. पीडीएफचं लाल चित्र, नावाच्या शेवटी डॉट पीडीएफ. डबल क्लिक केलं, काही उघडेना. पुन्हा केलं. (करतोच की आपण सगळे.) लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, तिकडे दुर्लक्ष करून मी दुसऱ्या कामाला लागले. थोड्या वेळाने फोल्डर उघडते तर प्रत्येक फाइल लॉक झालेली, नावाला एक विचित्र शेपूट, आणि शेजारी खंडणीची चिठ्ठी: बिटकॉइन भरा, मुदत तीन दिवस.

फाइलचं खरं नाव डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असं होतं, म्हणजे तो कागद नव्हताच, प्रोग्रॅम होता. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाच्या शेवटची ही डॉटवाली अक्षरं, लपवूनच ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती दिसतील असं करा, आत्ताच करा. 2000 साली 'आय लव्ह यू' हा व्हायरस हीच युक्ती वापरून पसरला होता, म्हणजे मी इतक्या जुन्या सापळ्यात पाय घातला. 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमला तर कुणी क्लिक करायचीही गरज नव्हती. तो वर्म, म्हणजे स्वतःच पसरणारा प्रोग्रॅम, अपडेट न केलेल्या विंडोजमध्ये आपणहून शिरायचा. माझ्याकडे आलेला ट्रोजन, म्हणजे साध्या फाइलचं सोंग घेतलेला. दार मीच उघडलं.

जिव्हारी लागलं ते बॅकअपचं. बाहेरची हार्ड डिस्क मी कायम लॅपटॉपला जोडून ठेवायचे, सोयीचं म्हणून. तीही लॉक झाली.

पैसे भरले नाहीत. किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार, तो चोर? वाय-फाय तोडलं. मेलचे, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून बदलले, कारण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असले प्रोग्रॅम जाता जाता उचलून नेतात. मग सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं.

डिस्क मात्र पुसलेली नाही. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी 2016 साली सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही रॅन्समवेअरच्या (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या अशा प्रोग्रॅमच्या) किल्ल्या फुकट मिळतात. माझ्यावाल्याची अजून आलेली नाही. डिस्क खणात आहे, महिन्यातून एकदा जाऊन बघते.