क्लॅम्प मीटर आणि मेगर: साकीनाक्याच्या गाळ्यातले दहा महिने

मशीन अडलं की मोटर उतरवायची आणि वाइंडिंगवाल्याकडे टाकायची, ही आमच्या गाळ्याची वडिलांपासूनची रीत. गेल्या मे महिन्यात लोहार चाळीतून ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा) आणि 500 व्होल्टचा डिजिटल मेगर (वाइंडिंगचा करंट बॉडीत गळतो का ते बघणारा) आणला. तेव्हापासून रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला, एकच मोटर गेली.

पहिल्याच आठवड्यात 3 एचपीच्या लेथने परीक्षा घेतली. सकाळी व्यवस्थित सुरू व्हायचा, अर्ध्या तासाने ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ट्रिप. चालू असताना साध्या मीटरने बघितलं तर तिन्ही फेजमध्ये व्होल्टेज जवळपास पूर्ण. मी सप्लायला क्लीन चिट देऊन मोकळा. क्लॅम्प लावला तेव्हा दोन तारांत साडेसहा अँपिअर आणि तिसरीत शून्य! नेमप्लेटवर 4.8. फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे व्होल्टमीटर फसतो. कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय जोडणारा स्विच) उघडला, एक पॉइंट जळून खड्डा पडलेला. गरम झाला की सोडून द्यायचा. मोटर ठणठणीत होती.

(क्लॅम्पमध्ये एकच तार घ्यायची. आमच्या पोराने अख्खी केबल धरली आणि ‘करंटच नाही’ म्हणून ओरडत आला. तिन्ही फेजची बेरीज शून्यच येणार.)

मेगरचे पैसे जुलैत वसूल झाले. तीन आठवडे बंद असलेला सरफेस ग्राइंडर चालू करताच ईएलसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पाडत होता. मेगर लावला तर वाइंडिंग ते बॉडी जेमतेम 0.4 मेगोहम. मोटर उघडून आत 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी 18 मेगोहम. निव्वळ दमट हवा. एक मात्र सांभाळा: व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर मोटरच्या तारा ड्राइव्हपासून सोडवूनच मेगर लावा, नाहीतर मोटर वाचेल आणि ड्राइव्ह जाईल.

बेंच ड्रिल गुंगत होतं, हाताने ढकललं की फिरायचं. कपॅसिटर डिस्चार्ज करून मोजला: 36 मायक्रोफॅरडच्या जागी 19. पाच मिनिटांचं काम.

आता तक्रारी. क्लॅम्पचा जबडा जाड आहे, जुन्या स्टार्टरच्या डब्यात शिरतच नाही. रीडिंग घेता घेता मीटर आपोआप बंद होतो. सोबतच्या लीड, म्हणजे मीटरच्या तारा, चार महिन्यांत चिरल्या. लॅमिंग्टन रोडवरून सिलिकॉनच्या आणल्या. आणि वाइंडिंगमधले दोन-चार वेढे आपसात शॉर्ट झाले तर हे मीटर सरळ सांगत नाहीत. दोन-तीन ओहमच्या वाइंडिंगमध्ये लीडचाच रेझिस्टन्स खोडा घालतो, आणि मेगर तर बॉडीपर्यंतचंच बघतो.

त्यावर उपाय क्लॅम्पनेच निघाला. मिलिंगच्या मोटरमध्ये एका फेजला करंट बराच जास्त येत होता. मेन बंद करून मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या. तिन्ही सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट सप्लायच्या त्याच फेजवर राहिला असता तर दोष सप्लायचा. तो मोटरच्या तारेबरोबर सरकला. रिवाइंडिंगला गेली ती हीच मोटर.

एकाचेच पैसे असतील तर आधी क्लॅम्प घ्या. मेगर शेजारच्या गाळ्यातून मागून आणता येतो. आमचा तर पावसाळाभर बाहेरच असतो.