हंगर गेम्सचा संच: पावसाळा ते दिवाळी, घरात वापरून

सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स'चा तीन पुस्तकांचा इंग्रजी संच जूनमध्ये नववीतल्या लेकीसाठी घेतला. दिवाळीपर्यंत तिनं वाचला, मी वाचला, मग शेजारच्या दोघी मुलींकडे फिरून परत आला. पार्सल उघडल्याच्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. पुस्तक घरात मुरल्यावर त्यातली नायिका कितपत टिकते, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी वस्तूबद्दल. कागद पिवळसर, टाइप बरा. पहिल्या भागाची बांधणी मधोमध सैल झाली आणि फेव्हिकॉल लावावा लागला, पण चार हातांत फिरलेल्या पुस्तकाकडून एवढं चालायचंच. भाषा सोपी आहे. कॅटनिस स्वतःच गोष्ट सांगते, तीही वर्तमानकाळात आणि छोट्या छोट्या वाक्यांत. सेमी-इंग्रजीच्या मुलीला पहिली काही पानं जड जातात, पुढे गाडी सुसाट.

आता कॅटनिस. मुखपृष्ठं आणि पोस्टरं पाहून वाटतं, धनुष्यबाण घेतलेली शूर मुलगी, झालं. मला ती सगळ्यात खरी वाटली ती घर चालवताना. कोळशाच्या खाणींचा गरीब प्रांत डिस्ट्रिक्ट १२, ती 11 वर्षांची असताना बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला, आई दुःखानं गोठून बसलेली आणि पदरात धाकटी बहीण प्रिम. मग ही पोर कुंपणाखालून चोरून जंगलात जाते, शिकार करते, मासे देऊन पाव आणि मीठ आणते, जंगली स्ट्रॉबेरी मेयरच्या दारात विकते. कुठली वस्तू कुणाच्या दारात खपते, हे तिला तोंडपाठ असतं.

सगळ्यात भेदक आहे तो टेसेराचा हिशेब. दरवर्षी मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून सोडत निघते, आणि नाव निघालं की थेट मरणाच्या खेळात: मुलांनी एकमेकांना मारायचं आणि देशानं ते टीव्हीवर बघायचं. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एकेक वाढते. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि तिच्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल घ्यायचं, तेही जेमतेम. कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी, प्रिमसाठी अशा तीन जादा चिठ्ठ्या टाकते, म्हणजे वर्षाला चार. लेकीनं समासात पेन्सिलीनं गुणाकार मांडलाय: पाच वर्षं, 20 चिठ्ठ्या. खाली लिहिलंय, 'मेयरची मुलगी – 5'. मोठ्या कुटुंबाचा भार असलेल्या गेलच्या, म्हणजे तिच्या शिकारीतल्या सोबत्याच्या, 42. जेवताना तिनं हे आजीला समजावून सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे रेशनसाठी पोरीचं नाव गहाण टाकायचं की गं!" नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विषमतेवर अख्खा धडा असतो, तो माझ्या लेकीला एका गुणाकारात कळला.

दुसरी जागा रश्श्याच्या भांड्याची. खेळाच्या मैदानात तिच्याच डिस्ट्रिक्टमधून निवडला गेलेला पीटा जखमी पडलाय, प्रायोजकांच्या पैशातून मदत पाठवणं मार्गदर्शक हेमिचच्या हातात आहे. कॅटनिस पीटाचा मुका घेते आणि थोड्याच वेळात आकाशातून गरम रश्श्याचं भांडं उतरतं. तिला लगेच उमगतं: एक मुका, एक भांडं. प्रेक्षकांना प्रेमकथा हवी आहे आणि त्या प्रेमकथेवर पोट भरणार आहे. इथून पुढे तिच्या मनात काय खरं आणि काय कॅमेऱ्यासाठी, हे तिलाही धड सांगता येत नाही. 2012 च्या सिनेमात हेमिच चिठ्ठी पाठवून टोमणा मारतो, प्रेक्षकाला सगळं उलगडून मिळतं. पुस्तकात ती एकटीच गणित सोडवते. सिनेमा चांगलाच आहे, पण तिच्या डोक्यातला हिशेब पडद्यावर येत नाही आणि तो गेला की निम्मी कॅटनिस गेली.

म्हणूनच कॅटनिसनं कुणाला निवडावं, 'पीटा की गेल', या वादाचा मला कंटाळा आला. शेजारच्या मुलींनी त्यावर गच्चीत तावातावानं भांडून घेतलं. मी गॅसवर दूध ठेवलंय सांगून सटकले.

तक्रारी आहेत. दुसऱ्या भागाचा सुरुवातीचा बराच भाग रेंगाळतो आणि पुन्हा मैदानात गेल्यावर 'हे झालंय की आपलं' असं वाटतं. कपड्यांची वर्णनं निम्म्यावर आणली असती तरी चाललं असतं. तिसरा भाग, 2010 चा 'मॉकिंगजे', काळाकुट्ट आहे. सोडतीत नाव निघालेल्या ज्या बहिणीच्या जागी कॅटनिस खेळात उतरली, तिचं पुढे काय होतं ते इथे फोडत नाही, पण त्या पानावर लेकीनं पुस्तक आपटलं आणि नंतर पुष्कळ दिवस हात लावला नाही. दहा-अकराच्या मुलांना हा भाग देऊ नका. मला मात्र तो तिन्हींत प्रामाणिक वाटला. युद्धातून परतलेली मुलगी ठणठणीत असणार नाही, हे लेखिका लपवत नाही. कॉलिन्सचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला जाऊन आलेले. ते कुठेतरी झिरपलंय.

या संचामुळे कपाटातल्या जुन्या नायिकाही खाली उतरल्या. शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'तली ज्यो लेकीला आधी 'बोअर' वाटायची. आता तिला ज्यो आवडते, कारण आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हाती पैसे असावेत म्हणून ती केस विकून 25 डॉलर आणते. 1908 च्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मधली अनाथ ॲन शर्ली बडबडी आणि स्वप्नाळू म्हणून ओळखली जाते, पण बँक बुडते, त्या धक्क्यानं तिला सांभाळणारा मॅथ्यू जातो आणि ही शिष्यवृत्ती सोडून त्याच्या बहिणीजवळ, मरिलाजवळ राहते. (बँक बुडाल्याची बातमी वाचून हाय खाणारी माणसं आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजवावी लागत नाहीत.) डायना विन जोन्सच्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मधली सोफी हॅटर टोप्यांच्या दुकानात पगाराविना राबत असते आणि शापानं म्हातारी झाल्यावर कुठे तिला तोंड फुटतं. मला स्वतःला सोफी कॅटनिसपेक्षा कणभर जास्त आवडते, कारण ती हसवते. कॅटनिस तीन पुस्तकांत क्वचितच हसते आणि वाचणाऱ्यालाही हसू देत नाही.

तेरा वर्षांच्या पुढच्या मुलीला किंवा मुलाला संच खुशाल द्या. मुलाला तर जरूर द्या. शेजारणीच्या मुलानं 'मुलीचं पुस्तक' म्हणून नाक मुरडलं आणि मग दोन भाग माझ्याकडून मागून नेले. फक्त तिसरा भाग चालू असताना घरातल्या कुणीतरी मोठ्या माणसानं तो वाचलेला असावा, बोलायला लागतं.

लेकीला आता 2020 चा पूर्वभाग हवाय. त्यात गोष्ट स्नोच्या, म्हणजे या तीन पुस्तकांतल्या जुलमी राष्ट्राध्यक्षाच्या तरुणपणीच्या बाजूनं चालते आणि खेळात उतरवलेली ल्युसी ग्रे आपल्याला त्याच्याच नजरेतून दिसते. मुलीच्या डोक्यातला हिशेब आपल्याला दिसणारच नसेल, तर विकत घेण्याआधी वाचनालयातून आणून पाहते.